काचा वर ठेवण्याबाबत

गाडीतला थंडावा बाहेरून दिसावा लागतो. आत बसलेल्याला गार वाटणे ही त्याची खासगी बाब आहे. काचा वर असणे ही मात्र सार्वजनिक बाब आहे. आगरदांड्याच्या धक्क्यावर फेरीबोटीच्या रांगेत उभ्या असलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. तिथे खाडीवरून वारा इतका येतो की टोपी हाताने धरावी लागते. म्हणून तर काचा वर ठेवायच्या.

मुरुडच्या विठोबांचा मुलगा हितेश याचे एक जुळत आलेले लग्न याच कारणावरून फिसकटले होते. ("गाडी हाय, पण एसी न्हाय वाटतं. काचा उघड्याच होत्या," असा निरोप आला होता.) त्यामुळे दिघीच्या मृणालीला बघायला निघताना त्याच्या केसरआत्यांनी एकच हुकूम काढला: काही झाले तरी काच उतरणार नाही.

विठोबांची हयात मासेमारीत गेलेली. बर्फ जास्त टाकला की म्हावरं लवकर गार होतं, हे शास्त्र त्यांनी गाडीलाही लावले आणि एसी सोळावर नेला. वास्तविक सोळावर ठेवल्याने गाडी लवकर गार होत नाही. यंत्र आपल्या गतीनेच चालते, फक्त थांबायचे नाव घेत नाही. पण बापाला हे सांगणार कोण? थोड्या वेळाने आत्यांचे दात वाजू लागले, तेव्हा सव्वीस करण्यात आले. इथे यंत्राचे खरे कौतुक वाटते. बऱ्याच गाड्यांत सव्वीस केले तरी गार करण्याचे काम चालूच राहते. आधी पेट्रोल जाळून हवा गार करायची, मग तिच्यात इंजिनाची गरमी मिसळून ती कोमट करायची. असा समन्वय सरकारी खात्यांनाही अजून पुरता साधलेला नाही.

बोट उशिरा आली. तोवर रांगेतली प्रत्येक गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. आमच्या पाहणीनुसार या अवस्थेत सरासरी लिटरला शून्य किलोमीटर पडते (वारा पाठीमागून असला तरी तेवढेच).

पेट्रोलचा दिवा लागला. "बाबा, एसी बंद करून काचा उतरवतो," हितेश म्हणाला.

"काचेला हात लावशील तर बघ!" आत्या कडाडल्या. "पाठच्या गाडीत दिघीचीच माणसं हायत."

बोटीच्या तोंडाशीच इंजिन बंद पडले. खलाशांनी गाडी ढकलून आत घेतली. काचा वर होत्या. खाडी ओलांडेपर्यंत हितेशचा नवा शर्ट अंगाला चिकटला आणि आत्यांची पावडर गळ्यापर्यंत उतरली. विठोबांनी घाम पुसून जाहीर केले, "गारवा चांगला हाय." त्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

दिघीच्या धक्क्यावर मृणालीचे वडील सहकुटुंब गाडी घेऊन स्वागताला आले होते. त्यांच्याही काचा वर होत्या. (एसी गेल्या वर्षीच बिघडलेला.) खलाशांनी हितेशची गाडी ढकलत नेऊन त्यांच्या शेजारी लावली. मृणालीची टिकली घामाने भुवईवर आली होती. तिने हितेशचा शर्ट पाहिला, त्याने तिची टिकली पाहिली, आणि दोघांनाही हसू आवरेना. दोन्ही बापांनी मात्र एकमेकांच्या बंद काचा निरखून समाधानाने माना हलवल्या. घराणे तोलामोलाचे निघाले, लग्न तिथेच ठरले.

आपणही हसलात, ते इथून दिसले. आवाज तेवढा आला नाही. काचा वर आहेत ना.