नानांचा काळा गॉगल

लग्नाच्या पंगतीत काळा गॉगल घालून जेवणारा आणि मठ्ठा समजून कढीत जिलेबी बुडवणारा माणूस अख्ख्या धरणगावात एकच, आमच्या शेजारचे नाना. कुणी टोकलं की उत्तर ठरलेलं, "काही नही भो, फॅशन शे!" डोंबलाची फॅशन! अंगात बंडी आणि ढगळ पायजमा.

खरं काय ते त्यांची लेक सुनंदा जाणे, नाहीतर मी. नानांच्या डाव्या डोळ्याची बाहुली एका बाजूला सरकली आहे. क्वचितच कुणाला होणारा आजार. डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूही झाला. जळगावच्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि हे पिढीजात नसतं, असं बजावूनही सांगितलं. पण नानांना पटेल तर शपथ! "लोक काय म्हणतीन? बापना डोया असा, पोरना बी तसाच व्हई!"

गेल्या महिन्यात सुनंदाला पाहायला पाहुणे आले. नानांनी त्यांच्या खुर्चीवर मला बसवलं. "सांगी दे, नाना वरणगावले गयात." आणि स्वतः परसात कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भरताची वांगी भाजत बसले. गॉगल घालूनच! खोटं बोलताना माझी जीभ अडखळली. सुनंदा मान वर करीना.

भरीत-पुरीवर पाहुणे बेहद्द खूश. मुलाचे वडील हात धुवायला परसात आले, मागोमाग मी. "वा आचारी! आमच्या मुलाच्या लग्नात तुम्हीच या."

नानांनी खाली मान घालून हात जोडले. "येसू, शेठ."

लेकीच्या लग्नात आचारी म्हणून यायला बाप तयार! लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात सुनंदा थेंबांची बाटली घेऊन बाहेर आली. "आचारी नाहीत ते. माझे वडील आहेत." मग नानांकडं वळली, "नाना, थेंबनी येळ व्हयनी. मान मांगे करा."

"अवं पोरी, पाव्हणा शेतस..."

"असू द्या." तिनं गॉगल काढला. सरकलेली बाहुली चारचौघांत उघडी पडली. नाना ओशाळून अर्धे झाले. घाईघाईत बाटली उघडताना सुनंदाच्या हातून झाकण खाली पडलं.

मुलाच्या वडिलांनी वाकून ते उचललं, सदऱ्याला पुसलं आणि थेंब घालून होईस्तोवर धरून उभे राहिले.

नानांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. थेंब एकाच डोळ्यात घातले होते.

"काही नही भो, धूर शे," नाना पुटपुटले.

जाळ केव्हाच विझला होता. मुलाच्या वडिलांनी तिकडं एकदा पाहिलं.

"हो व्याही," ते म्हणाले, "धूरच आहे."