नांदेडहून पंधरा मिनिटं

नांदेडहून पाहुणे निघाल्याचा फोन आला तेव्हा आठ वाजले होते. लातुरात नागम्मानं मुलाला विचारलं, "सिद्धेश्वर, किती वेळ लागंल रे?"

सिद्धेश्वरनं मोबाईल चोळला. "नांदेड ते लातूर, पंधरा मिन्टं."

"एस्टीला तर चार तास लागतात."

"एस्टी गावोगाव थांबती, अव्वा. ह्यांची सोताची गाडी हाय." मोबाईलवर विमानाचं चित्र होतं, ते त्याला जाहिरातीचं वाटलं.

नागम्मानं मन मोठं करून पंधराचे साठ धरले. दोन स्थळं नात रुद्राणीनं तोंड वाकडं करून घालवली होती. हे तिसरं. पोरगा कचेरीत कारकून. वर्षानुवर्षं रखडलेला नवा जिल्हा झाला की साहेब होणार, असं मध्यस्थ म्हणाला होता. "जिल्हा व्हायच्या आत लगीन होऊ दे म्हणजे झालं," नागम्मा पुटपुटली.

नऊला तिनं चुरमुरे भिजवून नाश्त्याचा सुशीला फोडणीला टाकला. पाण्याचा टँकर दहा दिवसांनी यायचा, तरी पाहुण्यांच्या हातापायाला भरली घागर दारात ठेवली आणि तिच्याजवळ स्वतः बसली. शेजारणीचा काय भरवसा?

सव्वानऊला तिनं फोन लावला. "कुठवर आलाव?"

"लोह्याच्या पुढं, अक्का."

"सव्वा तासात निस्तं लोहा?"

दहाला फोन कुणी उचललाच नाही. नागम्माचे डोळे बारीक झाले. "वाटंत अहमदपूर हाय. तिथं शिवमूर्तीची पोरगी लग्नाची हाय. हे तिला बघून राहिले!"

"अव्वा, कायबी काय!"

"गप. म्या माणसं वळखते."

बाराला गाडी आली. वीरण्णा, त्यांची बायको शांतम्मा आणि मुलगा शरणप्पा धुळीनं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे उतरले. नागम्मा घागरीवर हात ठेवून उभी. "पंधरा मिन्टाच्या वाटंला चार तास?"

वीरण्णा म्हणाले, "अक्का, आमी माणसं हाव, गिधाडं न्हाई."

सिद्धेश्वरनं पुरावा म्हणून मोबाईल पुढं केला. शरणप्पानं पाहिलं. "मामा, हा विमानाचा टाइम हाय."

सगळे पोट धरून हसले. नागम्मा जन्मात कुणापुढं नमली नव्हती. पण सोयरीक मोडेल या धास्तीनं तिनं हात जोडले. "चुकलं माझं. म्या म्हणलं, तुमी अहमदपूरला शिवमूर्तीची पोरगी बघून राहिलाव."

हसणं तिथंच थांबलं. शांतम्मानं नवऱ्याकडं पाहिलं, नवऱ्यानं जमिनीकडं.

"अक्का," वीरण्णा हळूच म्हणाले, "शिवमूर्तीनं फोन केला का?"

नागम्माची मान ताठ झाली. "बसा. मग? पसंत न्हाई पडली?"

"न्हाई," शरणप्पा म्हणाला.

"तुला?"

"तिला. तोंडावरच नको म्हणली."

आतून खळखळून हसू आलं. आणि कुणी हाक मारायच्या आधीच, मागच्या दोन्ही वेळी ओढून आणावी लागलेली रुद्राणी चहाचा ट्रे घेऊन आपल्या पायानं बाहेर आली. पहिला कप शरणप्पाला दिला.

नागम्मानं डोळे पुन्हा बारीक केले. आता तिला नातीचाच संशय यायला लागला: ही ह्या पोराला आधीच वळखती का काय?