हमीदभाईंचा बैल

दाराशी बैल येऊन बसलाय, असं हमीदभाईंना सांगून काही उपयोग नसतो. हातातली चहाची बशी खाली न ठेवता ते विचारतात, "कुठला बैल?" बैल पांढरा की तांबडा, हे त्यांना नको असतं. जुन्या अरबीत बैलाला जो शब्द आहे, त्याला इतके अर्थ आहेत की त्यातला नेमका कुठला दाराशी बसलाय, हे ठरल्याशिवाय ते जागचे हलत नाहीत. तोवर बैल कंटाळून उठून गेलेला असतो.

तो शब्द 'थौर'. म्हणताना जिभेचं टोक दातांत धरावं लागतं, आणि हमीदभाई ते प्रत्येकाकडून करवून घेतात. माझी कवळी नवीन होती तेव्हा पहिल्याच थौरला ती निसटली. "राहू दे मास्तर," ते उदारपणे म्हणाले, "तुमाला माफ हाय."

मी मराठीचा निवृत्त मास्तर, ते भिवंडीतले पिढीजात लूमवाले, म्हणजे यंत्रमागवाले, आणि आमच्या दोन घरांत एकच भिंत. तरुणपणी काही वर्षं ते मस्कतला नोकरीला होते. तिथून लोक टेपरेकॉर्डर आणायचे, घड्याळं आणायचे. हमीदभाई अरबीचा जाडजूड शब्दकोश घेऊन आले. जुबेदाभाभी अजून ऐकवतात, "लोकांचे नवरे सोना घेऊन आले. माजा बैल घेऊन आला."

त्यांच्याकडे कुणी गेलं की ते आधी पाहुण्याची नखं बघतात. नखाच्या बुडाशी जी पांढरी चंद्रकोर असते, तीही थौर. "मास्तर, अंगठ्यात बैल बराच मोठा हाय तुमचा," असं त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मी घाबरून डॉक्टर गाठला होता. उन्हाळ्यात तलावाच्या पाण्यावर हिरवं शेवाळ धरलं की ते बातमी आणतात, "बैल वर आला." संध्याकाळी मावळतीला आभाळ तांबडं झालं की गच्चीवरून हाक येते, "मास्तर, बाहेर या, बैल पसरला!" सुकवलेल्या दह्याचा तुकडासुद्धा थौरच. तो त्यांनी एकदा घरी करून मला खाऊ घातला. त्याविषयी मी फार बोलत नाही.

एकदा वळ गावच्या गोदामाकडे निघालेले दोन टेम्पो आमच्या गल्लीत समोरासमोर अडकले. एका ड्रायव्हरनं दुसऱ्याला "अबे बैल!" म्हटलं आणि दोघंही बाह्या सरसावून खाली उतरले. हमीदभाई मधे घुसले. "अरे, गुस्सा क्यों करता है? सरदार बोला उसने तेरे को!" थौर म्हणजे टोळीचा सरदारही असतो, आणि अर्थात मूर्खही असतो, हे त्यांनी भर उन्हात दोघांना समजावून सांगितलं. निम्म्यावर आले तोच दोघा ड्रायव्हरांची एकी झाली. एकानं दुसऱ्याला टेम्पो मागे घ्यायला जागा दाखवली आणि दोघंही पळाले. गल्ली मोकळी झाली, पण हमीदभाई हिरमुसले. "पुरा न्हाय ऐकला त्यांनी," ते म्हणाले.

माझा पुण्याचा मेहुणा भिवंडीला गोदामांचं गाव म्हणतो. मी त्याला सांगतो, बाबा रे, तुमच्याकडे विद्वान पुष्कळ असतील, पण एका जनावराच्या मागे जन्मभर इतक्या प्रेमानं हिंडलेला माणूस आमच्या गल्लीत राहतो. हे सांगताना माझी मान ताठ होते, आणि ती का होऊ नये?

पण पुरं कुणीच ऐकत नव्हतं, हे मात्र खरं. आम्ही सगळे दोन अर्थ ऐकायचो, हसायचो आणि कामाला लागायचो. मीही त्यातलाच. एक दिवस ते मला म्हणाले, "मास्तर, एकदा सगळा सांगायचा हाय. एका बैठकीत, पयल्यापासून शेवटपर्यंत. तेवढा झाला म्हंजे बास."

आमच्या वाचनालयात अधूनमधून व्याख्यानं होतात. मी हमीदभाईंचं ठरवलं. जागा त्यांनीच निवडली, स्वतःचा लूमचा कारखाना. वारही त्यांनीच निवडला, शुक्रवार. त्या दिवशी लूमना सुट्टी, म्हणजे शब्द न् शब्द ऐकू जाणार.

लूमच्या दोन रांगांमधल्या वाटेत खुर्च्या मांडल्या. गल्लीतली मंडळी आली, कारागीर आले, वाचनालयाची कमिटी आली. पांढराशुभ्र कुर्ता घालून हमीदभाई उभे राहिले. जीभ दातांत धरली. म्हणाले, "थौर." आणि थांबले.

पुन्हा म्हणाले, "थौर." पुन्हा थांबले. कपाळावर घाम आला. मागे कुणीतरी खाकरलं. मी जवळ जाऊन विचारलं, "हमीदभाई, पाणी देऊ?"

"न्हाय," ते कुजबुजले. "मास्तर, माजाच आवाज ऐकू येतोय मला."

मग माझ्या ध्यानात आलं. हे सगळं, सलग, ते रोज बोलत आले होते. इथेच, चालू लूमच्या धडधडीत, या वाटेवरून येरझाऱ्या घालत. येता-जाता मी कितीदा त्यांचे हलणारे हात कारखान्याच्या खिडकीतून पाहिले होते आणि समजलो होतो की कारागिरांना ओरडताहेत. त्या आवाजात शेजारी उभ्या माणसाचं ऐकू येत नाही. इतकी वर्षं हा माणूस जीव तोडून बोलला आणि ते त्याच्या स्वतःच्या कानांवरसुद्धा पडलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"सरका जरा," दारातून आवाज आला. जुबेदाभाभी ओढणी खोचून आत आल्या. कुणाकडे न बघता थेट कोपऱ्यातल्या लूमपाशी गेल्या, बटण दाबलं, खटका ओढला. खडखडाट सुरू झाला. कमिटीवाल्यांनी कानांवर हात ठेवले. भाभींनी नवऱ्याला हातानं खूण केली, बोला.

हमीदभाई बोलू लागले. सुरुवातीला अक्षर कळेना. मग माणसं खुर्च्या ओढत पुढे सरकली, कुणी उभं राहिलं, कुणी कानामागे हात धरून त्यांच्या तोंडापाशी वाकलं. सरदार आला, चंद्रकोर आली, तांबडं आभाळ आलं. मी एवढ्या वर्षांत न ऐकलेले अर्थही आले. हमीदभाईंचे हात पाखरासारखे भिरभिरत होते.

तेवढ्यात धागा तुटला आणि लूम आपोआप बंद पडला. त्यांना पत्ताच नाही. शांत कारखान्यात ते घसा फोडून शेवाळाचं सांगत होते आणि त्यांचा आवाज पत्र्यांवर आदळून परत येत होता. कुणी हसलं नाही. मधेच त्यांना कळलं. सगळ्यांची तोंडं निरखून पाहिली आणि अगदी हळू विचारलं, "फुडं सांगू?"

"सांगा की," लूमपाशी उभ्या भाभी म्हणाल्या. "सगळा सांगा. मीपन आज पयल्यांदाच ऐकतेय."

हमीदभाईंनी पहिल्या रांगेतल्या वाचनालयाच्या अध्यक्षांना उठवलं, ती खुर्ची ओढून भाभींना बसवलं, आणि एवढी मंडळी ताटकळलेली असताना सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.