खवल्याच्या चार झडपा

एका जंगलात, बाळांनो, रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता, पण उद्घाटनं मात्र रोज व्हायची.

तिथल्या सिंहमहाराजांना वाफेच्या इंजिनाची हौस आली. मोठं नव्हे, सशाएवढं. ते घडवलं खवल्या मांजराने. इंजिनाने वडाभोवती एक फेरी मारली, की वडाखालची भट्टी कायमची खवल्याची होणार होती. त्या भट्टीपायी बिचारा मुंग्या खायचंही विसरला.

सगळा जीव त्याने ओतला चार झडपांत. पितळेच्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. दोन महिने तो डोळे बारीक करून कानस फिरवत होता. थंड सिलिंडरमध्ये वाफ शिरली, की तिचं पाणी होतं. ते आधी या झडपांतून बाहेर सोडायचं, मग इंजिन पळवायचं. कळलं ना? म्हणजे तुम्ही अजून कुठल्या समितीवर नाही.

सोहळाप्रमुख होता भारद्वाज पक्षी. त्याचं दर्शन शुभ असतं, एवढ्या एकाच पात्रतेवर त्याला ते पद मिळालं होतं. तालमीत इंजिनाने फुस्स करून पाणी टाकलं, तसे त्याचे लाल डोळे आणखी लाल झाले.

"अरे, शुभारंभालाच थुंकतंय हे! तेही महाराजांसमोर?"

"थुंकू द्या हो, साहेब," खवल्या काकुळतीला आला. "पाणी आत अडकलं तर सिलिंडरचं झाकण उडेल. पाणी काही केल्या दबत नाही."

"या जंगलात सगळे दबतात," भारद्वाज म्हणाला आणि त्याने चारही झडपा कथील ओतून बुजवून घेतल्या. वर सोन्याचा मुलामाही दिला.

मुहूर्तावर महाराजांनी दांडा ओढला. इंजिन हललं, अडलं आणि धाडकन झाकण उडालं. जाताना महाराजांची अर्धी मिशी घेऊन गेलं. खवल्याला रडू फुटलं. मिशीसाठी नव्हे.

चौकशी बसली. भारद्वाजाने गोड आवाजात विचारलं, "झाकण उडणार, हे तुला आधीच माहीत होतं?"

"होतं की! तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं ना मी!"

"ऐकलंत, महाराज? अख्ख्या जंगलात कुणाला माहीत नव्हतं. यालाच बरं माहीत होतं! हा कट आहे."

दरबाराने माना डोलावल्या. खवल्याला जंगलाबाहेर हाकललं. भट्टी भारद्वाजाला मिळाली. झडपा मात्र अजून दरबारात मखमलीवर ठेवलेल्या आहेत. खाली पाटी आहे: 'स्फोटातही एक थेंब गळला नाही.'

तात्पर्य: बाळांनो, धोका दिसला तर तोंड मिटून बसा. आणि स्फोट झाला, की सगळ्यांच्या आधी दचका.