मनोहरभाऊंची विजेची गाडी

मनोहरभाऊ आमच्या घरी आले की आधी पंखा बंद करतात आणि मग बसतात. तेसुद्धा समुद्रपूरच्या मे महिन्यात.

"तुमचा इकडं एक पंखा, वहिनींचा तिकडं एक. काऊन? सगळे एका खोलीत बसा ना, सर!"

आम्ही एका खोलीत बसतो. मग ते तिथला पंखा लावतात, पण एकावर.

बसस्टँडजवळ त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. कपाशीचं बियाणं घ्यायला आलेला माणूस विजेच्या गाडीवरचं भाषण ऐकतो आणि कधीकधी पिशवी तिथंच विसरून जातो. मी त्यांचा शेजारी, त्यामुळे ते भाषण मला घरपोच मिळतं. मी शाळेत मराठी शिकवतो. दिवसभर मुलांपुढे बोलून घरी आलं की वाटतं, आता कुणी काही बोलू नये. नेमकं तेव्हाच फाटक वाजतं.

"पाहा सर, विचार करून पाहा," अशी सुरुवात होते. विचार करायला ते सवड मात्र देत नाहीत.

गेल्या वर्षी त्यांनी माझ्या लॅपटॉपचा उद्धार केला. "कंपनीचं सॉफ्टवेअर म्हणजे भाड्याचं घर. खिळा ठोकाचा तरी मालकाले विचारा. ओपन सोर्स म्हणजे गावची विहीर. सबची!" एवढं बोलून त्यांनी जुनं सगळं पुसलं आणि नवीन टाकलं. तेव्हापासून आमचा प्रिंटर मुका आहे. तक्रार केली तर म्हणाले, "प्रिंटर कंपनीचा आहे ना, सर. चूक त्याची आहे." मी आता प्रश्नपत्रिका झेरॉक्सच्या दुकानात छापून आणतो. भांडायला अंगात जोर लागतो, तो शाळेतच संपतो.

जूनमध्ये माझ्या बायकोला, सुनीताला, गिरडच्या दर्ग्यावर जायचं होतं. आम्ही बसनं निघालो होतो. मनोहरभाऊ फाटकातच आडवे आले.

"माही गाडी उभी असतानी बसनं जाता? लोक काय म्हणतीन मले?"

गाडीत बसलो. काचा खाली, एसी बंद. "एसी बॅटरी खाते," ते म्हणाले. सुनीतानं पदरानं वारा घेतला. जाताना सगळं बरं झालं. टेकडी चढलो, चादर चढवली, खाली येऊन चहा घेतला. परतताना अर्ध्या वाटेत गाडी हळू झाली, आणखी हळू झाली आणि एका बाभळीजवळ थांबली.

झालं होतं असं, की त्यांच्या घरी छतावर सोलर आहे आणि त्यावर गाडी कधी चार्ज करायची हे एक प्रोग्रॅम ठरवतो. तोही अर्थात ओपन सोर्स. आठवडाभर आभाळ होतं, तर प्रोग्रॅमनं गाडी चार्जच केली नव्हती.

"पाहून निघाचं होतं ना, भाऊ," मी म्हणालो.

"भरोसा ठेवला, सर. भरोसा ठेवल्याबिगर कसं चालन?"

शेवटी एका ट्रॅक्टरवाल्यानं गाडीला दोर बांधला. मनोहरभाऊ खिडकीतून डोकं काढून त्याला ओरडून सांगत होते, "डिझेल किती जाळून राह्यला पाह्य! विजेचा ट्रॅक्टर घेजो!" ट्रॅक्टरच्या आवाजात त्याला काही ऐकू आलं नाही, हे एक बरं झालं. नाहीतर त्यानं दोर सोडला असता. सुनीता घरी आली, आडवी झाली आणि म्हणाली, "पुढच्या टायमाले मी पायी जाईन."

गडबडीत तिचा डबा त्यांच्या गाडीत राहिला. तो आणायला मी रविवारी दुपारी त्यांच्याकडे गेलो.

घरात ते एकटेच असतात. त्यांची बायको जाऊन काही वर्षं झाली. मुलगा आशिष जर्मनीत असतो, सॉफ्टवेअरमध्येच. गाडी शेडमध्ये उभी होती. मनोहरभाऊ जवळच स्टुलावर लॅपटॉप ठेवून बसले होते.

"आता पाहा, सर." त्यांनी काहीतरी टाइप केलं. भिंतीवरच्या चार्जरचा लाल दिवा हिरवा झाला. "एका जागी चूक होती. सापडली!" त्यांचा चेहरा फुलला होता. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात मोबाइल वाजला. व्हिडिओ कॉल, आशिषचा. मनोहरभाऊंनी केसांवरून हात फिरवला, माझ्याकडे पाहून तोंडावर बोट ठेवलं आणि फोन उचलला.

"बाबा, मले निघाचं आहे थोड्या वेळानं. चार्जर झाला का चालू? हिरवा आला?"

हिरवा उजेड त्यांच्या कानशिलावर पडला होता. त्यांनी मोबाइल चेहऱ्याच्या आणखी जवळ धरला.

"नाई रे बापा. लालच आहे अजून."

पलीकडून सुस्कारा ऐकू आला. मग खुर्ची ओढल्याचा आवाज. "बरं, बसा. पयल्यापासून पाहू. लॅपटॉप उघडा. जेवले का तुमी?"

"जेवलो. खिचडी केलती. तू?"

मी डबा उचलला आणि चपला हातात घेऊन शेडच्या बाहेर आलो. फाटकापर्यंत त्यांचा आवाज येत होता.

"हळू सांग, आशिष. मले इतकं कुठं समजते?"