माफीचा साचा

नवऱ्याला माफी मागता येत नव्हती. बाकी सगळं येत होतं. कंपनीतली सामायिक लायब्ररी त्यानेच उभी केली, म्हणून ऑफिसात त्याला सगळे लायब्ररीवालाच म्हणत. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. सगळ्या टीमना लागणाऱ्या फायली तिथे एका जागी असत आणि कुठल्याही टीमचं सॉफ्टवेअर आपोआप तयार होऊ लागलं, म्हणजे बिल्ड सुरू झाला, की तो तिथून हवी ती फाईल उचलून आणी. गच्चीवरची पाण्याची टाकीच म्हणा ना, वर जे टाकाल ते प्रत्येक नळाला येणार.

गेल्या महिन्यात त्याने कुणाला न सांगता वर काहीतरी टाकलं आणि बायकोच्या टीमचा बिल्ड आडवा झाला. बायको त्याच कंपनीत, पलीकडच्या खोलीत. साहेबांनी बैठकीत विचारलं तेव्हा हा बोलून गेला, "त्यांनीच काहीतरी गडबड केली असेल." बायकोने चारचौघांत बोलणी खाल्ली. तेव्हापासून घरात कामापुरतं बोलणं होतं, आणि कामंही कमी होत चालली होती. आज सकाळी दाराशी भरलेली बॅग दिसली.

"संध्याकाळच्या गाडीने आईकडे जातेय," ती म्हणाली.

"किती दिवस?"

"ठरवलं नाही."

'चुकलं' हा शब्द घशापर्यंत आला आणि तिथेच बसला. "छत्री घेतलीस का?" एवढंच तो म्हणाला.

ऑफिसात त्याला मार्ग सुचला. बिल्ड झाला की प्रत्येक टीमने नेमलेल्या लोकांना जो मेल जातो, त्याच्या मजकुराचा साचा लायब्ररीतच होता. दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, फक्त तिच्या टीमचा बिल्ड चाले आणि त्याचा मेल तिलाच येई. तेवढ्यापुरता मजकूर बदलायचा, तिने वाचला की पूर्ववत करायचा. त्याने लिहिलं, "माझं चुकलं. चारचौघांत तुझ्यावर खापर फोडलं. रागावू नकोस. जाऊ नकोस."

मात्र लायब्ररीत काहीही बदललं की सगळ्याच टीमचे बिल्ड तत्काळ सुरू व्हावेत, ही सोय त्यानेच करून ठेवली होती. त्या सोयीबद्दल त्याला बक्षीसही मिळालं होतं. हे त्याला आठवेपर्यंत मेल निघाले होते, प्रत्येकाखाली त्या त्या टीमचं नाव घालून.

पगाराच्या टीमने चाचणीवाल्यांची माफी मागितली. या दोन टीमच्या प्रमुखांमधून वर्षभर विस्तव जात नव्हता. चाचणीवाला डोळे पुसत दोन कप चहा घेऊन गेला. पगारवाल्याने मेल पाहिलाच नव्हता, पण चहा घेतला. बिलांच्या टीमने थेट ग्राहकांची माफी मागितली. एका म्हाताऱ्या ग्राहकाचा लगेच फोन आला, "एवढ्या वर्षांनी का होईना, कबूल केलंत! नाही हो, कुठे जात नाही मी."

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. खोली तीच, गेल्या महिन्यातल्या बैठकीची. "कुणाचे उद्योग हे?"

"सर्व्हरनेच काहीतरी केलं असेल," मागून कुणीतरी सुचवलं. सर्व्हर बिचारा नाही म्हणणार नव्हता. नवऱ्याने समोर पाहिलं. बायको बसली होती, चेहरा कोरा.

"मी केलं," तो म्हणाला. "गेल्या महिन्यातला घोळही माझाच. हिची काही चूक नव्हती. आणि तो मेल फक्त हिच्यासाठी होता."

"कुठला मेल?" बायकोने विचारलं.

"तुला आला नाही?"

"कसा येईल? त्या दिवसापासून आमचा बिल्ड मी लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीला बांधून टाकलाय, नवं काही आमच्या नळाला येतच नाही. तू वर कधी काय टाकशील, काय भरवसा?" मग तिने विचारलं, "काय लिहिलं होतंस?"

अख्ख्या कंपनीत तेवढी तिलाच माफी मिळाली नव्हती. आता तोंडानेच सांगणं आलं. तो उठून उभा राहिला. "माझं चुकलं," तो म्हणाला. पुढचं त्याने स्वतःच लिहिलेलं असूनही तो दोनदा अडखळला. "जाऊ नकोस" म्हणताना आवाज फुटला.

साहेब खाकरले. "ग्राहक खूश आहेत. मजकूर राहू दे."

संध्याकाळची गाडी तिला न घेताच गेली. बॅगेतले कपडे परत कपाटात ठेवताना त्याने हळूच विचारलं, "मग आता नव्या आवृत्तीवर येणार ना?"

"बघू," ती म्हणाली. "आधी घडी नीट घाल."