शंभर पुऱ्या तळल्याचा दाखला

ज्या समाजाच्या कढईत तळण झाल्यावर तेल उरतं आणि ते ओतून टाकायला त्याचा हात धजतो, तो समाज प्रगत समजावा. या कसोटीवर मुंबईचं उपनगर किती मागासलेलं आहे, हे गेल्या वर्षापर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ते ध्यानात आणून देण्याचं श्रेय मरोळच्या 'उपनगर स्वच्छ इंधन प्रचार मंडळा'ला आणि मंडळाचा भांडारपाल दशरथ परब याला जातं.

मंडळाचं काम थोर होतं. मंडळाच्या चौदा व्हॅन कर्णे लावून अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरला दिवसभर फिरत आणि नागरिकांना डिझेल सोडण्याची कळकळीची विनंती करत. (व्हॅन डिझेलवर चालत. प्रचार लांबवर न्यायचा तर इंजिनात दम हवा.) एके दिवशी घाटकोपरला कुणा वात्रटानं एका व्हॅनच्या पाठच्या धुळीत बोटानं लिहिलं, 'आधी तू सोड.' उपसंचालक चेतना मॅडम न्यायी बाई. त्यांनी ती सूचना रीतसर दाखल करून घेतली, धुळीचा फोटो फायलीला लावला आणि ठरवलं की यापुढे चौदाही व्हॅन वापरलेल्या खाद्यतेलापासून बनवलेल्या इंधनावर धावतील. तेल गोळा करायचं काम दशरथकडे आलं, कारण रिकाम्या कॅनच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे होती.

"परब, एकतीस मार्चपर्यंत पाचशे लिटर," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर हा डेपो बंद आणि तुमची बदली पालघरला."

दशरथनं मनात हिशेब केला. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, घर मुलुंडला आणि गुडघे असे की जिन्याच्या प्रत्येक पायरीला देवाचं नाव तोंडात येई. पालघर म्हणजे वाटच लागली.

त्यानं दोन हजार चारशे घरांत निळे कॅन वाटले. महिन्याभरानं चौदा व्हॅन ते गोळा करायला गेल्या. या कामी नऊशे दहा लिटर डिझेल जळलं (नोंद: 'पूर्वतयारी') आणि सव्वा लिटर तेल आलं. त्यात एक बोंबील होता. बाकी कॅनपैकी मुलुंडच्यांत तूरडाळ भरलेली आढळली, बोरिवलीच्यांत गंगाजल, आणि अंधेरीच्या एका सोसायटीनं, कॅनचं झाकण घट्ट बसत नसल्याची तक्रार एकोणीस सह्यांनिशी पाठवली. मरोळच्या बाजारात मासळी विकणाऱ्या मनोरीच्या सखुबाईनं तर दशरथला चारचौघांत झापलं. "तेल कालवनान गेला, कालवन पोटान गेला. आता काय पोट फारून देऊ तुला?"

खरं तर हे त्याला आधीच कळायला हवं होतं. त्याच्या स्वतःच्या घरी, बायको प्रेमाच्या राज्यात, तेल कधी टाकलं जात नसे. त्यात आधी वडे होत. मग ते गाळून त्यात पापड, मग आठवडाभर फोडणी, मग घावनाच्या तव्याला पुसायला, आणि तरीही थेंब उरलाच तर दाराच्या बिजागरीला. कढई ती चपातीच्या तुकड्यानं पुसून घेई आणि तो तुकडा दशरथ खाई. एकतीस वर्षांच्या संसारात वाया गेलेलं तेल: शून्य. अशा अडाणी जनतेपुढे योजना तरी काय करणार!

वडापाववाल्या चंद्रप्रकाशकडे मात्र काळंभोर तेल होतं. दशरथनं कॅन पुढे करताच तो दुखावला. "साहेब, हे आत्ता कुठे रंगात आलंय."

तेव्हा मॅडमनी नियमावली पुन्हा वाचली. वापरलेलं तेल हवं, एवढंच तीत होतं. कुणी वापरलेलं, याबद्दल चकार शब्द नव्हता. आठ दिवसांत डेपोत 'तळण कक्ष' उभा राहिला. कोरं तेल आलं. दोन लिटरच्या कढईत शंभर पुऱ्या तळायच्या, तसा दाखला भरायचा, त्याखाली 'सदर तेल पुनर्वापरास अयोग्य' असं लिहून दशरथनं सही करायची आणि तेल पिंपात ओतायचं.

"काका, नुसतं तापवून ओतूया ना यार," ड्रायव्हर धम्मपाल म्हणाला. "पुरी कशाला मधे?"

"ती फसवणूक होईल," मॅडम म्हणाल्या. मंडळात फसवणूक चालत नसे.

पाचशे लिटरला पंचवीस हजार पुऱ्या. बत्तीस कर्मचारी, पंचेचाळीस दिवस, म्हणजे खायला रोज माणशी सतरा. पर्यावरणासाठी एवढा त्याग कुणी केल्याचं आमच्या तरी ऐकिवात नाही. पहिल्या पिंपाच्या इंधनावर व्हॅन निघाल्या तेव्हा मागे असा खमंग वास सुटला की लोक प्रथमच खिडकीत येऊन कर्ण्यातलं बोलणं ऐकू लागले आणि लग्न कुठल्या हॉलमध्ये आहे असं विचारू लागले.

चारशे लिटर झाले आणि दशरथला सुखाची झोप लागू लागली. अशात एका दुपारी प्रेमा त्याच्या विसरलेल्या गोळ्या घेऊन डेपोत आली. सोन्यासारखं तेल पिंपात पडताना तिनं पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"अवो, ह्यां तेल टाकतास? ह्या तेलात आमची अख्खी दिवाळी झाली असती मां!"

"हळू बोल गं," दशरथ म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. हातात पेन, समोर 'अयोग्य' लिहिलेला कागद.

"तेल वाचवचां आसा तर गाड्यो फिरवतास कित्याक? मानसांका चलाक सांगा मां."

नेमक्या मॅडम मागे उभ्या. न्यायी बाई! नागरिकाची सूचना, म्हणजे सर्वेक्षण आलंच. दोन हजार चारशे घरांना विचारायचं ठरलं: 'जवळच्या कामाला गाडी न काढता चालत जाल का? नसल्यास पुऱ्यांच्या तेलाची योजना चालू ठेवावी का?'

दशरथ बोटं मोजू लागला. लोक चालू लागले तर इंधन नको. इंधन नको तर स्वच्छ इंधन नको, ते नको तर त्याचा प्रचार नको, प्रचार नको तर डेपो नको, आणि डेपो नको तर दशरथ पालघरला. एवढं साधं बोलणं इतकी वर्षं कुणी बोललं नव्हतं आणि बोलली कोण, तर घरचीच! तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिनं आपली मुकाट्यानं गुडघ्याला पट्टी बांधून दिली.

तिसऱ्या दिवशी निकाल आला. दोन हजार तीनशे नव्याण्णव घरांनी कळवलं होतं की चालण्याची कल्पना अतिशय स्तुत्य असून ती इतरांनी ताबडतोब अमलात आणावी. आपल्यापुरती मात्र पुऱ्यांची योजनाच चालू ठेवावी. 'हो, चालत जाऊ' असं लिहिणारं घर एकच, परबांचं. (त्यांच्याकडे गाडी नाही.)

पाचशे लिटर मुदतीत भरले, डेपो वाचला, बदली टळली. दशरथनं घरी येऊन बायकोला आधी "चुकलो" म्हटलं आणि मग "सुटलो" म्हटलं. उपकार ठेवायचा त्याचा स्वभाव नाही. ज्यांच्या उत्तरांनी आपण तरलो त्यांचे आभार मानायला तो पुऱ्यांचा डबा घेऊन घरोघर फिरतो आहे. काल तुमच्याकडेही येऊन गेला. वॉचमन म्हणाला, साहेब गाडी घेऊन बाहेर गेलेत, कोपऱ्यावर, कोथिंबीर आणायला.